इन्शुलिन सुरू झालें, साखर कां उतरत नाहीं?

मावळांतील पवना धरणाचे दरवाजे उघडले म्हणजे तें पाणी त्याच घटकेस रावेतास पोंचत नाहीं. नदीच्या पात्रांतून वळणें घेत, वाटेंतले डोह भरीत, तें कांहीं वेळानें रावेतच्या बंधाऱ्याशीं येतें, आणि तेथून उपसून पिंपरी-चिंचवडच्या नळांस जातें. बंधाऱ्यावर उभा असलेला मनुष्य जर "पाणी आलें नाहीं, आणखी सोडा, आणखी सोडा" असा निरोप धाडीत राहिला, तर पुढें सोडलेलें सर्व पाणी एकदम येईल आणि कांठचीं शेतें बुडतील. नव्यानें इन्शुलिन घेऊं लागलेल्या पुष्कळ रोग्यांच्या घरीं असाच प्रकार घडतो, म्हणून ह्या पाठाचा आरंभ धरणापासून केला आहे.

रावेत हें पूर्वी नदीकांठचें शेतीचें गांव. १९९७ सालीं तें पिंपरी-चिंचवड महापालिकेंत गेलें. आतां तेथें उंच इमारती आहेत, आणि पहांटे कारखान्यांच्या बसगाड्या नाक्यावर येतात. अशा ठिकाणच्या एका कुटुंबाची, प्रिय वाचकहो, कल्पना करा. घरधनी ५२ वर्षांचे, चाकणच्या बाजूस एका कारखान्यांत पाळीनें काम करणारे, आठ वर्षें मधुमेहाच्या गोळ्या घेत आलेले. तपासणींत उपाशीपोटीं साखर २९० निघाली, तेव्हां डॉक्टरांनीं रात्रीं निजण्यापूर्वीं १० युनिट इन्शुलिन सुरू केलें. चौथ्या दिवशीं सकाळीं बोटास टोंचून पाहतात तों २६५. बायको म्हणते, "अहो, रोज सुई टोंचून घेतां, पण उतरली म्हणावी तर एवढीशीच. हें औषध तुम्हांला लागू पडत नाहीं." शेजारी येऊन सांगतो, "माझा भाऊ ३० युनिट घेतो. १० नें काय होणार?" त्या रात्रीं घरधन्याच्या मनांत दोन विचार येतात. एक, सुई दुप्पट घ्यावी. दुसरा, ती टाकूनच द्यावी. दोन्ही घातक आहेत, आणि दोन्ही एकाच गैरसमजांतून निघतात.

तो गैरसमज असा कीं पहिल्या दिवशीं सांगितलेलें प्रमाण हेंच पुरें प्रमाण होय. वास्तविक तसें नाहीं. कोणाच्या शरीरास किती इन्शुलिन पुरेल हें पहिल्या दिवशीं कोणताही डॉक्टर निश्चित सांगूं शकत नाहीं. म्हणून बहुधा लहान प्रमाणापासून आरंभ करितात, तीन-चार दिवसांची सकाळची साखर पाहतात, आणि दोन-दोन युनिटांनीं वर चढतात. कित्येकांस योग्य प्रमाणाशीं पोंचण्यास आठवडे लागतात. २९० ची २६५ झाली ह्याचा अर्थ औषध फुकट गेलें असा नव्हे. ती उतरणीची पहिली पायरी आहे. साखर हळूहळू उतरविण्यांत शहाणपण आहे, कारण फार खालीं गेलेली साखर फार वर असलेल्या साखरेपेक्षां लवकर जीव घेते.

इन्शुलिनच्या इतिहासांतही पहिल्या सुईनें निराशाच झाली होती. १९२१ सालीं कॅनडा देशांतील टोरोंटो येथें फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट ह्यांनीं प्राध्यापक मॅक्लाऊड ह्यांच्या प्रयोगशाळेंत जनावराच्या स्वादुपिंडापासून हा रस काढला. ता. ११ जानेवारी १९२२ रोजीं लिओनार्ड थॉम्सन नांवाच्या १४ वर्षांच्या, अस्थिपंजर झालेल्या मुलास तो प्रथम टोंचला. साखर थोडीशीच उतरली, आणि रस अशुद्ध असल्यामुळें टोंचल्या जागीं गळूं झालें. तेव्हां टोंचणें थांबविण्यांत आलें. जेम्स कॉलिप ह्यांनीं रस अधिक शुद्ध केला, आणि ता. २३ जानेवारीस पुन्हां टोंचला. ह्या वेळीं गुण आला. त्यापूर्वीं अशा मुलांस उपाशी ठेवून चार दिवस अधिक जगविणें एवढाच उपाय होता. थॉम्सन त्यानंतर १३ वर्षें जगला. आज मिळणारें इन्शुलिन जनावरांचें नसून बहुतेक सूक्ष्म जंतूंकडून तयार करवून घेतलेलें, शुद्ध असें असतें.

स्वादुपिंड ही जठराच्या मागची एक ग्रंथि. जेवणांतली साखर रक्तांतून स्नायूंत शिरावी म्हणून ती इन्शुलिन स्रवते. तें कमी पडलें, किंवा शरीर त्यास जुमानीनासें झालें, कीं साखर रक्तांत सांठते. ह्यांत केवळ लठ्ठ मनुष्येंच सांपडतात असें समजूं नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनीं पुणें जिल्ह्यांतील खेड्यांत पुष्कळ वर्षें संशोधन करून दाखविलें आहे कीं आपल्याकडील माणसें बाहेरून सडपातळ दिसलीं तरी त्यांच्या अंगांत चरबीचें प्रमाण अधिक असूं शकतें. "मी तर काटक, मला कशी शुगर?" हा प्रश्न म्हणूनच व्यर्थ आहे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणें हिंदुस्थानांत १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. इन्शुलिन म्हणजे शेवटची पायरी, आतां मनुष्य चालला, अशी जी समजूत आहे ती तर अगदींच निराधार. शरीरांत जें कमी पडतें तेंच बाहेरून दिलें जातें. तें घेऊन लोक वर्षानुवर्षें संसार करितात.

आतां सुईविषयीं थोडें सविस्तर लिहितों, कारण चुका येथेंच होतात. आपल्याकडे बाटलींतलें इन्शुलिन बहुतेक एका मिलिलिटरांत ४० युनिटांचें असतें, व त्याची सिरिंज लाल टोपणाची असते. पेनांत घालावयाच्या कार्ट्रिजमध्यें १०० युनिटांचें असतें. बाटलीही १०० युनिटांची मिळते; तिची सिरिंज निराळी, नारिंगी टोपणाची. लाल टोपणाच्या सिरिंजनें १०० चें इन्शुलिन १० च्या खुणेपर्यंत ओढलें तर १० च्या ठिकाणीं २५ युनिटें अंगांत जातील. उलट केलें तर १० ऐवजीं ४ च जातील, आणि रोगी "उतरत नाहीं" म्हणून रडत बसेल. औषधाच्या दुकानांतून बाटली बदलून आली तर तिच्यावरचा आंकडा वाचल्याशिवाय सुई भरूं नये. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांनीं शाळेंत जाणाऱ्या नातवाकडून वाचवून घ्यावा. त्यांत कमीपणा कसला?

दुधट दिसणारें इन्शुलिन घेण्यापूर्वीं बाटली दोन तळहातांमध्यें दहा-वीस वेळां हलकेच फिरवावी. खळखळ हलवूं नये. स्वच्छ पाण्यासारखें असावयाचें तें गढूळ झालें तर टाकून द्यावें. पोटावर बेंबीपासून दोन बोटें सोडून, रोज जागा थोडी थोडी बदलून टोंचावें. एकाच जागीं टोंचीत गेल्यास तेथें मऊ गांठ येते, आणि त्या गांठींत घातलेलें इन्शुलिन नीट शोषलें जात नाहीं. साखर न उतरण्याचें हें एक कारण इतकें साधें आहे कीं तें कोणाच्या लक्षांतच येत नाहीं. गांठींत दुखत नाहीं म्हणून रोगी मुद्दाम तेथेंच टोंचतो.

न उघडलेल्या बाटल्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यांत ठेवाव्या, बर्फाच्या कप्प्यांत कधींही नव्हे. गोठलेलें इन्शुलिन निकामी होतें. फ्रिज नसेल तर बाटली कागदांत व डब्यांत घालून, पाण्यानें भिजविलेल्या मातीच्या माठांत सावलींत ठेवावी. वापरांतली बाटली सुमारें चार आठवड्यांनंतर ठेवूं नये. वैशाखांत मोटारसायकलच्या डिकींत दिवसभर राहिलेल्या बाटलीवर विश्वास नको.

आतां बंधाऱ्याकडे पुन्हां वळूं. जेवणापूर्वीं घ्यावयाचें साधें इन्शुलिन अर्ध्या तासानें काम करूं लागतें व त्याचा अंमल सहा ते आठ तास राहतो. रात्रीं एकदां घ्यावयाचें लांब पल्ल्याचें दिवसभर पुरतें. दुपारीं सुई घेतली, दोन तासांनीं पाहिलें तों ३००, म्हणून पुन्हां एक सुई, संध्याकाळीं आणखी एक, असें केल्यास तिन्ही सुया रात्रीं एकत्र गांठतील. मग घाम सुटतो, हात कांपतात, छातींत धडधड होते, भूक वखवखते, बोलणें असंबद्ध होतें, आणि उपाय न झाल्यास मनुष्य बेशुद्ध पडतो. साखर ७० च्या खालीं गेली, किंवा हीं लक्षणें दिसलीं, तर लहान तीन चमचे साखर पाण्यांत विरघळवून ताबडतोब द्यावी. पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासून, उतरलेलीच असल्यास पुन्हां द्यावी, आणि बरें वाटल्यावर भाकरी किंवा बिस्किट खावयास घालावें. ह्या वेळीं "मधुमेह्यास साखर कशी द्यावी?" असा विचार करणें म्हणजे बुडत्यास पोहण्याचे नियम सांगणें होय. रोगी बेशुद्ध असेल तर मात्र तोंडांत कांहींही घालूं नये; कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. दारू पिऊन, न जेवतां, इन्शुलिन घेतलेला मनुष्य असा पडला तर लोक त्यास झिंगलेला समजून तसाच निजूं देतात. असे प्राण जातात.

ह्यांत एक गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. जो महिनोन् महिने ३०० वर राहिला, त्याची साखर १५० वर आली कीं त्यास घाम व थरथर वाटूं लागते, जणूं काय ती फारच खालीं गेली. तेव्हां प्रथम यंत्रावर पाहावें. १५० दिसल्यास थोडें बसावें. शरीरास नव्या पातळीची संवय होईल. यंत्र हाताशीं नसेल तर मात्र वाट पाहूं नये, साखर खावी. त्याचप्रमाणें पहिल्या कांहीं आठवड्यांत दृष्टि धूसर होते. "सुईनें डोळे गेले" म्हणून घाबरूं नये, आणि नवा चष्माही लगेच करूं नये. साखर स्थिर झाली कीं बहुधा दृष्टि निवळते. तथापि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्यावी हें बरें.

पाळीनें काम करणाऱ्यांची अडचण निराळी आहे, आणि रावेत, चाकण, तळेगांव ह्या टापूंत ती घरोघरीं आहे. जेवणाची सुई ही घड्याळाशीं बांधलेली नसून ताटाशीं बांधलेली आहे. रात्रपाळीस निघतांना घरीं सुई घेतली, बस वाहतुकींत अडकली, आणि उपहारगृहांत ताट दोन तासांनीं मिळालें, तर संकट ठरलेलेंच. ताट खात्रीनें पुढें येणार असेल तेव्हांच सुई घ्यावी, आणि खिशांत नेहमीं साखरेची पुडी असावी. रात्रीं एकदां घ्यावयाच्या सुईची वेळ मात्र दर आठवड्यास पाळीबरोबर बदलूं नये. दोन्ही पाळ्यांस सोईची एक वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. आपली पाळी कोणती हें डॉक्टरांस सांगणारे रोगी थोडे, आणि विचारणारे डॉक्टरही फार नाहींत.

सुई आली म्हणून पथ्य सुटलें असें नाहीं. बाजरी-ज्वारीची भाकरी पथ्याची म्हणून चार खाल्ल्या तर साखर वाढणारच. आधीं पालेभाजी व उसळ, मग एक-दोन भाकरी, भात मूठभर. चहांतली साखर व गूळ दोन्ही वर्ज्य. गूळ निराळा नव्हे. उपासाचा साबुदाणा व रताळें हीं तर साखरेचीं भांडारेंच. आणि सुई घेऊन कडकडीत उपास करणें त्याहूनही वाईट. ज्यांस उपास करावयाचा आहे त्यांनीं आधीं प्रमाण विचारून घ्यावें. जुन्या गोळ्याही कोणत्या चालू ठेवावयाच्या व कोणत्या थांबवावयाच्या हें डॉक्टरांनींच ठरवावयाचें आहे.

आजारीपणांत पुष्कळ लोक उलटेंच करितात. ताप आला, जेवण गेलें, म्हणून सुई बंद करितात. तापांत न जेवतांही साखर वाढते. सुई आपल्या मनानें बंद न करितां साखर वारंवार पाहावी, पाणी प्यावें व डॉक्टरांस विचारावें. लहानपणापासून इन्शुलिनवर असलेल्या मुलाची सुई तर एक दिवसही चुकतां कामा नये. साखर ३०० वर राहून ओकाऱ्या होत असतील, पोट दुखत असेल, श्वास खोल व जलद चालला असेल, किंवा तोंडास पिकल्या फळासारखा वास येत असेल, तर घरीं एक क्षणही न थांबतां रुग्णालय गांठावें. रावेतच्या लोकांस पिंपरीचें महापालिकेचें यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय आहे. इतर गांवांनीं आपलें जवळचें रुग्णालय कोणतें व रात्रीं गाडी कोणाची मिळेल हें आधींच विचारून ठेवावें.

घरोघरीं फिरणाऱ्या उपदेशक बंधूंनीं अशा रोग्याच्या घरीं गेल्यावर "सुई घेतां कां?" एवढेंच न विचारतां वही पाहावी. तारीख, वेळ, साखर, युनिटें, आणि काय खाल्लें, एवढे पांच रकाने पुरेत. वरच्या कुटुंबांतील घरधन्यानें ती वही तीन दिवस लिहून डॉक्टरांस दाखविली असती, तर १० चीं १२ झालीं असतीं, पुढें १४, आणि सकाळचा आंकडा महिन्या-दीड महिन्यांत कदाचित् १३० च्या जवळ आला असता. उपाशीपोटीं ८० ते १३०, आणि जेवणानंतर दोन तासांनीं १८० च्या आंत, असें बहुतेकांचें ध्येय असतें. फार वृद्धांस डॉक्टर थोडें सैल ठेवितात. वहींत न आवडणारा आंकडाही लिहावा. कित्येक रोगी डॉक्टरांकडे जाण्याच्या आदल्या दिवशीं उपाशी राहून चांगला आंकडा आणितात. परंतु तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी रक्ताची एक तपासणी असते, तिच्यापुढें ही युक्ति चालत नाहीं.

वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलींत टाकून झांकण घट्ट लावावें, आणि भरल्यावर ती दवाखान्यांत नेऊन द्यावी. घंटागाडींत सुट्या टाकल्या तर कचरा निवडणाऱ्या बाईच्या हातांत शिरतात.