वंशावळीचा शोध : जुन्या नोंदी कशा वाचाव्यात?



बाबेलच्या बंदिवासातून परत आलेल्या लोकांची गणती एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात दिली आहे. नावांची ती लांबलचक यादी आपण बहुधा घाईने वाचून पुढे जातो. परंतु तिच्यातील बासष्टावे व त्रेसष्टावे वचन थांबून वाचण्याजोगे आहे. याजकांच्या काही घराण्यांनी आपल्या वंशावळीची नोंद शोधली, ती सापडली नाही, आणि त्यांना याजकपदापासून दूर ठेवण्यात आले. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. केवळ तोंडी सांगणे पुरेसे मानले गेले नाही, आणि नोंद नाही म्हणून कोणी ती रचलीही नाही. उरीम व थुम्मीम धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत निर्णय राखून ठेवण्यात आला.

पुरावा शोधावा आणि तो नसेल तर निर्णय राखून ठेवावा, हाच वंशावळीच्या अभ्यासाचा पहिला नियम आहे. अमेरिकेत सतराव्या शतकात जाऊन वसलेल्या इंग्रज कुटुंबांच्या इतिहासात हा नियम किती उपयोगी पडतो, हे आपण या लेखात पाहू. १८१३ साली मुंबईत येऊन मराठी मिशनचा पाया घालणारे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे त्याच न्यू इंग्लंड प्रांतातील काँग्रिगेशनल मंडळ्यांमधून आले होते. म्हणून ज्या वह्यांविषयी आपण बोलणार आहोत, त्या आपल्याला अगदीच परक्या नाहीत.

१. एक घराणे आणि एक समजूत

१६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून १०२ प्रवासी अमेरिकेच्या किनाऱ्यावर गेले. त्यांत जॉन कार्व्हर यांचा जॉन हाउलंड नावाचा सेवक होता. वाटेत वादळात तो समुद्रात फेकला गेला, पण लोंबणारा एक दोर हाती लागल्यामुळे वाचला. कार्व्हर हे वसाहतीचे पहिले गव्हर्नर झाले. पहिल्याच हिवाळ्यात निम्मे प्रवासी मरण पावले आणि १६२१ च्या वसंत ऋतूत कार्व्हरही वारले. हाउलंड मात्र दीर्घायुषी झाला. एलिझाबेथ नावाच्या पत्नीपासून त्याला दहा मुले झाली आणि त्याचा वंश देशभर पसरला.

ही एलिझाबेथ कोणाची मुलगी? 'गव्हर्नर कार्व्हर यांची', असे त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाई. सेवकाने धन्याच्या मुलीशी विवाह केला, ही कथा ऐकायलाही गोड होती. तिला लेखी आधार मात्र नव्हता.

वसाहतीचे पुढचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी एक हस्तलिखित इतिहास लिहून ठेवला होता. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत तो बॉस्टनहून नाहीसा झाला आणि १८५५ साली लंडनच्या बिशपांच्या फुलहॅम येथील ग्रंथालयात सापडला. १८५६ साली तो छापला गेला व १८९७ साली मूळ प्रत मॅसॅच्युसेट्सला परत मिळाली. त्याच्या शेवटी ब्रॅडफर्ड यांनी १६५१ च्या सुमारास सर्व प्रवाशांची यादी देऊन कोण मेले, कोण जगले, कोणाला किती मुले झाली, हे नोंदले आहे. त्यात स्पष्ट लिहिले आहे की, हाउलंडची पत्नी एलिझाबेथ ही जॉन टिली यांची मुलगी होय. टिली व त्यांची पत्नी त्याच पहिल्या हिवाळ्यात वारले होते. पुढे इंग्लंडमधील बेडफर्डशर परगण्यातील हेन्लो गावच्या चर्चच्या वहीत तिच्या बाप्तिस्म्याची नोंदही मिळाली. तिची तारीख ३० ऑगस्ट १६०७. म्हणजे परक्या भूमीवर आईबाप गमावले तेव्हा ती मुलगी अवघी तेरा वर्षांची होती.

एका जुन्या पानामुळे एका घराण्याचा गव्हर्नर पूर्वज गेला खरा. पण एक अनाथ पोर, जिची कोणी आठवणही ठेवली नव्हती, ती आपल्या वंशजांना परत मिळाली. तोटा झाला की लाभ, हे वाचकांनीच ठरवावे.

२. मंडळीच्या वह्या

न्यू इंग्लंडमधील आरंभीच्या मंडळ्यांत प्रत्येक बालकाचा बाप्तिस्मा होत नसे. आईबापांपैकी एक तरी मंडळीचा पूर्ण सभासद असावा लागे. १६६२ साली हा नियम पुष्कळ ठिकाणी सैल झाला. म्हणून वहीत एकाच दिवशी चार भावंडांचा बाप्तिस्मा लिहिलेला आढळला, तर ती जुळी किंवा तिळी समजू नयेत. आई अथवा बाप नुकताच सभासद झाला, एवढाच त्याचा अर्थ. बाप्तिस्म्याची तारीख ही जन्माची तारीख नव्हे.

याउलट, विवाहाची नोंद मंडळीच्या वहीत शोधणे बहुधा व्यर्थ जाते. त्या लोकांच्या मते विवाह हा दिवाणी करार होता, म्हणून तो दंडाधिकाऱ्यासमोर होई. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६३९ सालीच जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंद ठेवण्याचा हुकूम काढला होता. ज्या नोंदी चर्चमध्ये सापडत नाहीत, त्या गावाच्या दप्तरात पाहाव्या लागतात.

३. तारखांचा घोटाळा

१७५२ पर्यंत इंग्रजी राज्यात कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. जॉन हाउलंडच्या मृत्यूची नोंद २३ फेब्रुवारी १६७२ अशी आहे. आपल्या हिशेबाने ते साल १६७३ ठरते. म्हणून जाणकार ते '१६७२/७३' असे जोडीने लिहितात. त्या काळी 'पहिला महिना' म्हणजे मार्च. हे ठाऊक नसेल, तर विधवेने नवऱ्याच्या मृत्यूआधीच दुसरे लग्न केले, असला भलताच निष्कर्ष निघू शकतो! १७५२ साली २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर मोजून पंचांग सुधारण्यात आले.

४. मृत्युपत्रे आणि नातेवाचक शब्द

जन्माच्या नोंदी नष्ट झाल्या तरी मृत्युपत्रे पुष्कळदा टिकून राहतात. एलिझाबेथ हाउलंडने डिसेंबर १६८६ मध्ये केलेले मृत्युपत्र उपलब्ध आहे. विवाहित मुलींची नावे त्यात सासरच्या आडनावांसह येतात, आणि त्यावरून मुली कोणत्या घराण्यांत गेल्या हे कळते. मॅसॅच्युसेट्सच्या १६४१ च्या कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र न करता मनुष्य वारल्यास थोरल्या मुलाला दुप्पट वाटा मिळे. हा नियम अनुवाद २१:१७ वरून आपल्याला परिचित आहे. त्यामुळे वाटण्यांच्या कागदांवरून थोरला कोण, हेही ओळखता येते.

मात्र शब्दांचे अर्थ त्या काळचे घ्यावे लागतात. 'कझिन' हा शब्द पुतण्या-भाच्यांसाठीही वापरीत. 'सन-इन-लॉ' म्हणजे कधी जावई, तर कधी सावत्र मुलगा. 'सीनियर' व 'ज्युनियर' हे नेहमी बापलेकच असतात असे नाही. एकाच गावातील एकाच नावाच्या दोघा माणसांना ओळखण्याची ती खूण होती. थोरला वारला की, कालचा 'ज्युनियर' आज 'सीनियर' होई.

५. ज्यांची नावे लिहिली गेली नाहीत

१७९० साली अमेरिकेत पहिली राष्ट्रीय शिरगणती झाली. तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आहे. बाकीचे सर्व केवळ आकडे. प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव १८५० पासून येऊ लागले. पण त्याच १८५० च्या व पुढे १८६० च्या शिरगणतीत गुलामांची वेगळी यादी आहे. तिच्यात धन्याचे नाव असून, त्याखाली माणसांचे वय, लिंग व वर्ण एवढेच लिहिलेले असते. नाव क्वचितच आढळते. १८६५ साली गुलामगिरी संपली आणि १८७० च्या शिरगणतीत त्यांपैकी बहुतेकांची नावे प्रथमच लागली.

म्हणून आज एखादा कृष्णवर्णीय अमेरिकन ख्रिस्ती आपले पणजोबा शोधू लागला, तर १८७० पाशी वाट अडते. त्यापुढे त्याला पूर्वजांच्या धन्याचे मृत्युपत्र व मालमत्तेची यादी धुंडाळावी लागते. तेथे गुराढोरांच्या व भांड्याकुंड्यांच्या रांगेत, किंमत घातलेले, त्याच्या पणजीचे नाव त्याला भेटते. ज्या कागदाने तिला वस्तू ठरवले, त्याच कागदाने तिचे नाव जपले. असा कागद हाती घेणाऱ्याच्या मनात काय येत असेल, याचा आपण क्षणभर विचार करावा.

समारोप

वंशावळींच्या नादी लागू नये, असा इशारा १ तीमथ्य १:४ मध्ये आहे. तो अनाठायी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये गुस्ताव्ह आंजू नावाच्या गृहस्थाने श्रीमंतांकडून भरपूर पैसे घेऊन खोट्या वंशावळी रचून दिल्या, आणि खोट्या ठरलेल्या त्या वंशावळी पुढेही नकलल्या जात राहिल्या. मोठेपणा मिरवण्यासाठी शोध घेणाऱ्याला मोठेपणा विकणारा भेटतोच. परंतु सत्य जाणण्यासाठी व विसरलेल्यांचे स्मरण करण्यासाठी केलेला शोध हा इशाऱ्याचा विषय नव्हे.

वाचकहो, आपल्या मंडळीच्या कपाटातही एखादी जीर्ण बाप्तिस्म्याची वही असेल. पाळकांच्या परवानगीने ती उघडून पाहा. घरातील वृद्धांना विचारा आणि त्यांनी सांगितलेले, सांगणाऱ्याचे नाव व तारीख घालून लिहून ठेवा. ऐकलेले ते ऐकलेले म्हणून आणि वाचलेले ते वाचलेले म्हणून वेगळे लिहा. जे मिळाले नाही, तेथे जागा कोरी सोडा. पुढे एखाद्याला त्या जागेचे नाव सापडेल.

मननासाठी प्रश्न

१. एज्रा २:६२-६३ मध्ये नोंद न सापडलेल्यांविषयी घाईने निर्णय का झाला नसावा?

२. हाउलंड घराण्याची समजूत इतकी वर्षे का टिकली? आपल्या घरात अशी कोणती समजूत आहे?

३. आपल्या मंडळीच्या नोंदींत कोणाची नावे सहज आढळतात, आणि कोणाची राहून गेली आहेत?