शाळेच्या आवारात रानातील झाडे

चंद्रपूर व गडचिरोली हे राज्यातील वनसमृद्ध जिल्हे. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ साली घोषित झाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आलेल्या गडचिरोली जिल्ह्याचा बहुतांश भाग आजही वनाच्छादित आहे. तरीही शाळेच्या आवारात पुष्कळदा गुलमोहर, निलगिरी वा सुबाभूळ लावली जाते. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, तर सुबाभूळ मेक्सिको-मध्य अमेरिकेकडील. येथील पक्षी-कीटकांशी या झाडांचे नाते जुने नाही.

झाडांची निवड

उंबर व वडाच्या फळांवर राज्यपक्षी हरियाल जगतो. पळस फुलला की मैना, बुलबुल व शिंजीर मधासाठी येतात. बहाव्याच्या पानांवर फिकट पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. पाने कुरतडलेली दिसताच औषध फवारू नये. अळी नसेल तर फुलपाखरूही नाही. मोहाचे बी फार काळ टिकत नसल्याने फळे पिकताच ते पेरावे. वड व उंबर इमारतीपासून दूर लावावेत.

लागवड व जोपासना

मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डे खणावेत. विदर्भातील शाळा जूनअखेरीस उघडतात. पावसाची चांगली ओल होताच रोपे लावावीत. खरी कसोटी पुढील उन्हाळ्यात लागते. चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि नेमकी तेव्हाच शाळेला सुटी असते. म्हणून सुटीतील पाणी कोण घालणार, हे लागवडीपूर्वीच ग्रामपंचायतीने ठरवून घ्यावे. रोपाच्या मुळाशी पुरलेल्या सच्छिद्र मडक्यातून थोडे पाणीही दीर्घकाळ पुरते.

आवश्यक दक्षता

हा वाघ-बिबट्यांचा मुलूख आहे. बाग पक्षी व फुलपाखरांसाठी असावी. श्वापदांना दडण्याची जागा होऊ नये. वर्गखोल्या, वाट व स्वच्छतागृह यांच्याभोवती दाट झुडपे वाढू देऊ नयेत. घाणेरी मुळासकट काढावी. मध्यान्ह भोजनाचे उष्टे उघड्यावर टाकू नये. त्यामागे कुत्री व डुकरे येतात आणि त्यांच्या मागावर बिबट्या.

प्रत्येक झाडाचे मराठी नाव, तसेच गोंडी व माडिया बोलींतील नाव वडीलधाऱ्यांना विचारून विद्यार्थ्यांनी नोंदवहीत लिहावे. फुलोरा, फळधारणा व पक्ष्यांचे आगमन यांच्या तारखाही त्यात नोंदवाव्यात. जी मुले उद्या या वनांची राखण करणार आहेत, त्यांना आपल्या रानाची ओळख शाळेच्या अंगणातच व्हावी, हेच या बागेचे प्रयोजन होय.