सहा घरांची परीक्षा

ओकच्या जुनाट खोडावर, पुरुषभर उंचीवर, डोके खाली करून स्तब्ध बसलेल्या करड्या खारीवर मी बारा पावलांवरून जी गोळी झाडली, ती तिच्या मस्तकी न लागता मागल्या पायात लागली, आणि ते बिचारे जनावर फरफटत खोडाच्या ढोलीत शिरले. ढोलीच्या तोंडापर्यंत माझा हात पोहोचत नव्हता. आत नखांनी लाकूड खरवडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, मग तुटक येऊ लागला, आणि शेवटी थांबला. पेनसिल्व्हेनियाच्या त्या अरण्यात मी खाली उभा राहून तो ऐकत होतो. हात कापला असता, तर दोष सर्वस्वी माझा असता; पण हात कापला नव्हता, आणि रिव्हॉल्व्हरच्या माशीखाली खारीचे मस्तक मी स्पष्ट पाहिले होते.

ते रिव्हॉल्व्हर मी एका दुकानातून जुने म्हणून, केवळ स्वस्त मिळते या एकाच गुणावर घेतले होते. कोणाचे बनवलेले, हे सांगण्यात हशील नाही, कारण तपासणी न करता घेतलेले कोणतेही शस्त्र तसेच निघू शकते. माझ्या आजोबांकडे कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. दारू ठासण्यापूर्वी नळीत गज घालून ती मोकळी आहे ना, याची खातरजमा केल्याशिवाय ते तिला हात लावू देत नसत. तो संस्कार माझ्या अंगी असूनही दुकानाच्या काउंटरवर त्या वस्तूच्या चकाकीपुढे मला त्याचे विस्मरण झाले, याची खंत मला आजही आहे.

त्या संध्याकाळी माझ्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी, ज्यांच्या संगतीने मी शिकार शिकलो, ते रिव्हॉल्व्हर रिकामे करून, चक्रातील काडतुसाचे प्रत्येक घर उजेडाकडे धरून पाहिले, आणि मग जी परीक्षा केली, ती मी घेण्यापूर्वी करावयास हवी होती. सिंगल अ‍ॅक्शन जातीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये अंगठ्याने घोडा मागे ओढताना चक्र एका घराने फिरते आणि नळीच्या अगदी समोर येऊन अडसराने जखडले जाते. त्यांनी चक्रावर एक बोट हलके टेकवून, घोडा अत्यंत सावकाश ओढून, सहाही घरे एकामागून एक फिरवली. चार घरे जखडल्याचा आवाज आला; दोन घरांना घोडा पूर्ण मागे आला तरी चक्र किंचित अलीकडेच राहिले. याचा अर्थ असा की त्या दोन घरांतून सुटणारी गोळी नळीच्या तोंडाशी सरळ न भिडता कडेला घासत शिरत होती, तिचे शिसे खरवडले जात होते, आणि उरलेली वेडीवाकडी गोळी कोठे जाईल याचा भरवसा नव्हता. दुसऱ्या दिवशी नेमबाजीच्या मैदानावर त्यांनी चक्र आणि नळी यांमधल्या फटीच्या बाजूला, हातभर अंतरावर, एक पांढरा पुठ्ठा उभा करून मला बार काढावयास सांगितले. फटीतून वायू थोडाबहुत बाहेर पडतोच, आणि त्याची काजळी सर्वच बारांना पुठ्ठ्यावर उमटली. पण त्या दोन घरांच्या बाराला शिशाचे कण पुठ्ठ्यात रुतलेले दिसले. फटीच्या बाजूला बोट वा दुसऱ्याचा चेहरा का असू नये, आणि डोळ्यांना चष्मा व कानांना संरक्षण का हवे, हे मला त्या पुठ्ठ्याने जितके पटवले तितके कोणत्याही उपदेशाने पटवले नसते.

म्हणून जो कोणी अल्प खर्चात .२२ चे रिव्हॉल्व्हर घेऊ इच्छितो, त्याला माझे कळकळीचे सांगणे असे की बचत करावयाची तर ती मुलाम्यात करावी, दस्त्याच्या लाकडात करावी, पण चक्राच्या अडसरात करू नये. रुगर कंपनीने २०१९ साली २४९ डॉलर किमतीने बाजारात आणलेले रँगलर हे याचे चांगले उदाहरण आहे: त्याचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, वरचा लेप साधा, माशी अचल, परंतु आत ट्रान्सफर बार आहे, म्हणजे चाप दाबून धरल्याशिवाय घोड्याचा आघात काडतुसापर्यंत पोहोचतच नाही. याच कंपनीच्या १९५३ पासूनच्या सिंगल-सिक्समध्ये ही सोय १९७३ मध्ये आली. त्याआधीचे जुने शस्त्र मूळ यंत्रणेसह हाती आले, तर घोड्याखालचे घर रिकामे ठेवून पाचच काडतुसे भरणे, हा नियम अपवादाशिवाय पाळावा. हेरिटेज रफ रायडर हेही स्वस्त आणि प्रचलित आहे. त्याला घोडा अडवणारी खटकी हाताने लावावी लागते, ती लावण्याचा परिपाठ अंगी असेल त्यानेच ते घ्यावे. शिकारीसाठी मात्र मागची खाच वर-खाली व आजूबाजूला सरकवता येईल असे शस्त्र मी पसंत करीन, कारण अचल माशीचे शस्त्र डावीकडे मारत असेल तर त्याला नळी फिरवणाऱ्या कारागिराखेरीज उपाय नाही. २०२३ मध्ये आलेल्या सुपर रँगलरला पोलादी सांगाडा, साडेपाच इंची नळी व अशी सरकती खाच आहे, आणि किंमत सिंगल-सिक्सच्या मानाने पुष्कळ कमी.

या सुपर रँगलरसारख्या शस्त्राबरोबर दोन चक्रे मिळतात, एक साध्या .२२ लाँग रायफल काडतुसाचे आणि दुसरे १९५९ च्या .२२ विंचेस्टर मॅग्नम काडतुसाचे. मॅग्नमच्या चक्रात लाँग रायफलचे काडतूस आरामात शिरते, आणि धोका नेमका त्यातच आहे: मॅग्नमचे घर रुंद असल्यामुळे साध्या काडतुसाचे पितळ फुगते, प्रसंगी फाटते. माझ्या हातून हे एकदा घडले. फाटलेले ते टरफल पाहून मी त्या दिवसापासून दुसरे चक्र घरीच ठेवतो.

काडतुसांविषयी एवढेच की चाळीस ग्रेनच्या गोळीचा सेकंदाला १२०० फुटांच्या वरचा जो वेग डबीवर लिहिलेला असतो, तो रायफलच्या लांब नळीचा असतो, रिव्हॉल्व्हरच्या आखूड नळीतून तो बराच उतरतो. म्हणून चार-पाच प्रकारची काडतुसे आणून, घरांवर शाईने आकडे घालून, प्रत्येक घराचे बार वेगळ्या कागदावर काढावेत. झाडलेल्या टरफलांच्या कडा न्याहाळाव्यात: रिमफायर काडतुसात पेट घेणारे द्रव्य कडेतच असते, आणि आघाताचा ठसा एखाद्या घराला उथळ दिसला, तर ते घर ऐन वेळी दगा देणार. बार उडाला नाही, तर नळी निशाणाकडेच ठेवून अर्धे मिनिट थांबावे. ज्या अंतरावर सहाही घरांच्या गोळ्या दीड इंचाच्या वर्तुळात बसतात, तेच आपले अंतर. खारीचे मस्तक त्याहून मोठे नसते. आणि गोळी मैल-दीड मैल जाऊ शकते, म्हणून मागे जाड खोड नसताना फांदीवरच्या खारीवर गोळी झाडणे सर्वथा वर्ज्य.

कायद्याचे म्हणाल, तर हा सर्व विचार अमेरिकेपुरताच आहे; भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही. इकडे आलेल्या मराठी मंडळींपैकी जे एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर आहेत, त्यांना संघराज्याच्या कायद्याने शस्त्र किंवा काडतूस बाळगण्यास सामान्यतः मनाई आहे; वैध शिकार-परवाना जवळ असणे हा तिला अपवाद आहे, पण त्यावर विसंबण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. ग्रीन कार्डधारकास ती मनाई लागत नाही. पेनसिल्व्हेनियात शिकारीला रिव्हॉल्व्हर नेण्यासाठी सामान्यतः वेगळे परमिट लागते, ते परगण्याच्या खजिनदाराकडे अर्ज करून मिळते.

ते पहिले रिव्हॉल्व्हर मी कारागिराला दाखवले. दुरुस्तीचा खर्च खरेदीच्या दीडपट निघाला, म्हणून ते कोणाच्या गळ्यात न मारता मोडीत काढावयास दिले. पुढच्या ऑक्टोबरात नवे शस्त्र घेऊन आम्ही त्याच ओकच्या बाजूने गेलो. एक खार बुंध्यावर दिसली, अंगावर ऊन घेत, पूर्ण मोकळी. पावले मनात मोजली, ती बावीस भरली. माझे अंतर पंधराचे होते. शेजाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली, आणि ती वर फांद्यांत निघून जाईपर्यंत आम्ही दोघे तिथेच उभे राहिलो.