आधी लोहचुंबक, मग रॉकेल

अगं, तो तारेचा ब्रश आधी खाली ठेव आणि माझं ऐक. बाबांच्या चेतकचं इंजिन उघडलंस, सगळे भाग गॅलरीत वर्तमानपत्रावर मांडलेस आणि आता त्या काळ्या चिकट पसाऱ्याकडे बघून पोटात गोळा आलाय, हो ना? साहजिक आहे गं. आकुर्डीहून १९७२ पासून चेतक बाहेर पडायला लागली आणि कितीतरी घरांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून ती दारात आणली. अशी गाडी हातात आली की एका रविवारी सगळं लख्ख करून टाकावंसं वाटतं. खरं सांगू का, तेवढं एक करू नकोस. एका दिवसात जेवढं सुकवून, तेल लावून, गुंडाळून ठेवता येईल तेवढंच धुवायला घे. बाकीचं मळकं राहू दे. त्या जुन्या तेलकट थराने आतलं लोखंड इतकी वर्षं सांभाळलंय. तो काढलास की सांभाळायची जबाबदारी तुझी, आणि पावसाळी हवेत उघडं लोखंड रात्रीतून तांबूस होतं.

आता घरातला एक लोहचुंबक घे आणि प्रत्येक भागाला लावून बघ. सिलिंडरला चिकटेल, कारण ते ओतीव लोखंडाचं आहे. हेड, पिस्टन आणि क्रँककेसचे दोन्ही अर्धे यांना चिकटणार नाही, ती अ‍ॅल्युमिनियमची जात. कार्ब्युरेटरलाही नाही. बोल्ट, स्प्रिंगा, गिअर पुन्हा लोखंड-पोलाद. असे दोन ढीग कर आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नकोस, कारण एकाचं औषध दुसऱ्याला विष ठरतं. मोरी तुंबल्यावर घालतो तो कॉस्टिक सोडा लोखंडावरचं तेल छान काढतो, पण अ‍ॅल्युमिनियमला लागला की फसफसून धातूच खातो आणि वर हायड्रोजन वायू सोडतो. तांब्याच्या भांड्यांना लावतो ते चिंच-मीठ तर इकडे आणूसुद्धा नकोस. आंबटाचं एक वेळ बघता येईल, पण मिठाने अ‍ॅल्युमिनियमला बारीक खड्डे पडतात आणि लोखंडाचा गंज वाढतो.

पहिली धुलाई दोन्ही ढिगांना सारखीच, रॉकेलमध्ये. रॉकेल मिळत नसेल तर डिझेल, गॅरेजवाले तेच वापरतात. पेट्रोल मात्र नाही म्हणजे नाही. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेते. रॉकेलची वाफ पेट घ्यायला साधारण ३८ अंशांच्या पुढे तापमान लागतं, म्हणजे विदर्भातल्या मे महिन्यात तेही बेभरवशाचंच. खिडक्या उघड, हातमोजे आणि चष्मा घाल. हो, आणि देवघरात निरांजन लागलेलं असेल तर ते शांत होईपर्यंत थांब. उरलेलं काळं रॉकेल मोरीत ओतायचं नाही. डब्यात भरून गॅरेजमध्ये दे, त्यांचं जुनं ऑइल जातं तिकडेच तेही जाईल. मॅग्नेटोची कॉइल असलेली प्लेट मात्र या आंघोळीतून वगळ. तिच्या तारांवरचं रोगण निघालं तर ठिणगी कुठे पडते ते शोधत बसशील. ती कोरड्या ब्रशने झटक, बस.

हेड आणि पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन बघून घाबरू नकोस. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, तेव्हा काजळी जमणारच. रात्रभर रॉकेलमध्ये भिजत घाल आणि सकाळी लाकडी पट्टीने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने खरवड. राहिलंच तर पितळी ब्रश. पोलादी तारांचा ब्रश अ‍ॅल्युमिनियमवर घासलास की लोखंडाचे कण त्यात रुततात आणि तिथूनच पुढे गंजाचे ठिपके उमटतात. पिस्टनच्या खाचांसाठी मेस्त्री लोकांची युक्ती वापर. जुनी रिंग मोडायची आणि तिच्या तुकड्यानेच खाच साफ करायची. प्रत्येक खाचेत एक बारीक पिन असते, रिंग गोल फिरू नये म्हणून. ती आधी शोध, तिच्याभोवती हळू हाताने जा. ती तुटली की पिस्टन गेलाच समज. जुनं गॅसकेट चिकटलेलं असेल तर कोरडं खरवडू नकोस, ओलं करून काढ. जुन्या गॅसकेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाता कामा नये.

बघ, आता क्रँककेसबद्दल जरा जास्त बोलते, कारण इथे दुकानदार तुला घाईत पटवेल. 'ताई, सँडब्लास्टिंग करून देतो, नव्यासारखं होईल,' म्हणेल. दिसेलही तसं. पण टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि ऑइलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, तिथल्या बेअरिंगांना वंगण देतं आणि मग वर सिलिंडरमध्ये जातं. एखाद्या कोपऱ्यात वाळू अडकून राहिली तर ती त्याच वाटेने क्रँकच्या बेअरिंगमध्ये जाणार आणि तिथून वर पिस्टनवर. ब्लास्टिंग करायचंच असेल तर पाण्याबरोबर काचेचे बारीक मणी मारतात ते करून घे आणि बेअरिंगा, सीलं आधी काढून घे. जिथे दोन अर्धे एकमेकांना भिडतात ती कड झाकायला सांग. त्या कडेवर पॉलिश पेपरसुद्धा फिरवायचा नाही, नाहीतर तिथून हवा खेचली जाईल. हे दोन्ही अर्धे जोडीनेच घडवलेले असतात, म्हणून एक बरा दिसतो आणि दुसरा भंगारातून आणू, असं चालत नाही. घरी परत आणलेस की गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने पुन्हा धू आणि प्रत्येक भोकात हवा मार. सुकल्यावर अ‍ॅल्युमिनियमला रंगाची गरज नसते. हवा लागली की त्यावर आपोआप पातळ संरक्षक थर धरतो आणि उघडा धातू उष्णताही चांगली सोडतो.

गंजलेले बोल्ट आणि पट्ट्या यांच्यासाठी लिंबूसत्व पुरे. दोन लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम, प्लास्टिकच्या टबात. दर तासाने बघ, गंज ब्रशने सुटायला लागला की बाहेर काढ. विसरून रात्रभर ठेवलंस तर चांगला धातूही झिजतो. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडव, साध्या पाण्याने धू आणि लगेच हेअर ड्रायरने सुकव. हे 'लगेच' अगदी शब्दशः घे, कारण आम्लातून निघालेलं लोखंड बघता बघता पिवळं पडतं. कोमट असतानाच तेल लाव. स्प्रिंगा आणि गिअर या टबात घालायचे नाहीत. कडक पोलादात आम्लातला हायड्रोजन शिरतो आणि ते भार आल्यावर कडकन तुटतं. त्यांना रॉकेल आणि हाताची मेहनत. झिंक चढवलेल्या बोल्टांचं झिंक आम्लात निघून जाईल, ते पुन्हा प्लेटिंगला टाक. आणि बोल्ट परत क्रँककेसमध्ये बसवताना आट्यांना अँटी-सीझ लाव. अ‍ॅल्युमिनियममध्ये पोलाद वर्षानुवर्षं राहिलं आणि ओल लागली की दोघं एकमेकांना सोडत नाहीत.

ठेवताना नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नकोस गं. आत ओल धरते. तेल लावलेला भाग तेलकट कागदात गुंडाळ, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव. तेल लावल्यावर उघड्या हाताने पुन्हा धरू नकोस, घामातल्या मिठाने बोटांचे ठसे गंजून उमटतात. डब्यावर नाव आणि तारीख लिही. महिन्याभराने उघडून बघ, तेल सुकलेलं दिसलं तर पुन्हा हात फिरव.

उरलं सिलिंडर. बाहेरच्या फिन्समध्ये चिखल आणि ऑइलचं जे कीट बसलंय ते टोकदार काडीने एकेका फटीतून काढ, कारण चेतकला वाऱ्यावर पळून थंड होण्याची सोय नाही. फ्लायव्हीलवरचा पंखा कव्हरच्या आतून हवा ढकलतो, ती याच फटींतून जाते. फटी बुजल्या तर इंजिन तापून जाम होईल. बाहेरून उष्णता सोसणारा काळा रंग पातळ मार, जाड थर नको. आतली नळी खरवडलेली असेल तर रिबोअरिंग लागेल. लेथवाला कदाचित तुझ्याशी न बोलता सोबतच्या भावाशी बोलेल. तू आपली विचारत राहा, नवा पिस्टन हातात ठेवूनच माप घ्यायला लाव आणि किती फट ठेवली ते कागदावर लिहून घे. घरी आणलंस की नळी नुसत्या रॉकेलने पुसून चालत नाही. होनिंगच्या दगडाची पूड रॉकेलने हलते, पण निघत नाही. ती गरम साबणाच्या पाण्याने आणि नायलॉन ब्रशने निघते. मग पांढऱ्या सुती कापडाला २टी ऑइल लावून आतून फिरव. कापड करडं आलं तर परत साबण, परत पाणी. पांढरं आलं की त्याच क्षणी नळीला ऑइल लाव, एक कोपरा सोडू नकोस. आणि मग मला फोन कर. रिंगांची तोंडं त्या पिनांवर कशी बसवायची ते व्हिडिओवर समोर बसून दाखवते, कारण ते करताना तिसरा हात लागतो.