नाव बदला, पण कधी?

एका मोठ्या कंपनीला आम्ही बिलांच्या जेसन फायली पाठवायचो. फॉरमॅटचा मसुदा जवळजवळ पक्का झाला होता, त्यावर आमचा कोडही चालू होता. आणि शेवटच्या बैठकीत त्यांच्याकडून सूचना आली: 'कस्टमर' नको, 'अकाउंट' म्हणू. कारण रास्त होतं, एका ग्राहकाची दोन-तीन खाती असतात. वाद रंगला, नाव बदललं. सुधारित मसुदा मात्र आमच्यापर्यंत पोचलाच नाही.

आमच्या फायली जुन्याच नावाने जात राहिल्या आणि एकही परत आली नाही. जेसन स्कीमात स्पष्ट मनाई केली नसेल तर अनोळखी फील्ड चालतं. नवं 'अकाउंट' ऐच्छिक होतं. ते रिकामं दिसलं की त्यांची प्रणाली बिल मुख्य खात्यावर टाकायची. सगळ्या शाखांची बिलं मुख्यालयाच्या नावावर चढली आणि महिनाअखेरीस हिशेब जुळेना.

त्यामुळे नाव बदललंत तर संक्रमणाच्या काळात स्कीमात 'ॲडिशनल प्रॉपर्टीज' बंद ठेवा, म्हणजे अनोळखी फील्ड चालणार नाही. जुनं नाव आलं की फाइल तिथेच अडू दे. आरडाओरडा होईल, होऊ द्या.

खुद्द जेसन स्कीमानेही नावं बदलली आहेत. २०१९ च्या आवृत्तीत 'डेफिनिशन्स'चं 'डॉलर-डेफ्स' झालं, पण जुन्या जागेकडे बोट दाखवणारे संदर्भ चालत राहिले, म्हणून फारसं कुणाचं बिघडलं नाही. 'एक्सक्लूझिव्ह मिनिमम'चं उलट झालं: चौथ्या मसुद्यात तिथे 'ट्रू' किंवा 'फॉल्स' लिहायचं, सहाव्यात थेट संख्या. नाव तेच, अर्थ वेगळा. माझ्या मते हे नाव बदलण्याहून वाईट.

एचटीटीपीत मात्र ४१३ या कोडचं वर्णन २०१४ मध्ये 'पेलोड टू लार्ज' आणि २०२२ मध्ये 'कंटेंट टू लार्ज' झालं, तरी प्रोग्रॅम अडले नाहीत, कारण ते आकडा वाचतात. उलट 'रेफरर' हेडर १९९६ च्या दस्तऐवजात एक 'आर' गाळून छापला गेला, तो आजही तसाच आहे. (नंतरच्या 'रेफरर-पॉलिसी'त स्पेलिंग बरोबर! नवशिक्यांची त्रेधा उडते.) तरीही तो दुरुस्त केला नाही हे बरंच झालं.

तेव्हा शेवटच्या बैठकीत कुणी चांगलं नाव सुचवलं, तर आधी विचारा की जुन्या नावावर बाहेर कुणी कोड लिहिला आहे का. लिहिला असेल, तर सूचना पुढच्या आवृत्तीच्या यादीत टाका आणि त्या लोकांना आजच कळवा.