शरीराचा जागल्या

शेतातून घरी येताना पायात काटा मोडतो. "अगं आई गं!" म्हणून आपण मटकन खाली बसतो. काट्याला शिव्या देतो, वाटेला देतो, कधी नशिबालाही देतो. मग काटा काढतो, जागा धुतो आणि चालू लागतो. दुखलं म्हणून बसलो, आणि बसलो म्हणून काटा निघाला, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

गावात पूर्वी रात्रीचा जागल्या असे. तो ओरडला की झोपमोड होई. लोक कुरकुरत. पण तो झोपी गेला की चोराचं फावे. दुखणं हा शरीराचा जागल्याच आहे. आजारपणात धीर धरावा, आभार मानावेत, असं सगळेच सांगतात. पण आभार मानायचे ते कशाचे? ज्यांच्या शरीरातला जागल्या झोपी गेला, त्यांना हे नेमकं ठाऊक असतं. म्हणून हा धडा कुष्ठरोगाविषयी आहे.

कुष्ठरोगाला पूर्वी महारोग म्हणत. त्या नावानेच माणूस अर्धा मरे. हा रोग शाप नव्हे, मागच्या जन्माचं पापही नव्हे. तो जंतूंमुळे होतो. नॉर्वे देशातल्या डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ साली हे जंतू शोधले. जंतू फार सावकाश वाढतात. रोग दिसू लागायला कित्येक वर्षे जातात. ते कातडीत घर करतात आणि मज्जातंतूंतही. मज्जातंतू म्हणजे बातमी नेणाऱ्या तारा. बोटाला चटका बसला ही बातमी त्या मेंदूला पोचवतात. तार बिघडली की बातमी थांबते. मग बाई तापलेला तवा उघड्या हाताने उचलते. फोड येतो, तिला कळत नाही. चपलेत खडा असतो, माणूस दोन कोस तसाच चालतो. जखम होते, चिघळते, हाडापर्यंत जाते.

लोक म्हणत, या रोगात बोटं आपोआप झडतात. डॉक्टर पॉल ब्रँड १९४६ साली तमिळ मुलुखातल्या वेलूरच्या रुग्णालयात आले. त्यांनी रोग्यांचे हातपाय बारकाईने पाहिले. बोटं आपोआप झडत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिलं. दुखत नाही, म्हणून माणूस हात सांभाळत नाही. जखमेवर जखम होते आणि बोट झिजत जातं. वाकलेली बोटं शस्त्रक्रियेने सरळ करण्याचं मोठं कामही त्यांनी केलं.

आता या रोगावर औषध आहे. एकाहून अधिक औषधं एकत्र द्यावीत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली केली. सहा महिने किंवा बारा महिने गोळ्या घ्यायच्या. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. गोळ्या सुरू झाल्या की लवकरच रोग पसरणं थांबतं. रोग्याला वेगळं ठेवावं लागत नाही, त्याचं ताटही वेगळं नको. रोग पुरा बरा होतो. पण उपचाराला उशीर झाला, तर बिघडलेली तार पुष्कळदा तशीच राहते. रोग जातो आणि बधिरपणा उरतो.

आमच्या ओळखीचे एक शिंपीदादा आहेत. त्यांच्या पाठीवर चट्टा उठला. तो खाजत नव्हता, दुखत नव्हता. म्हणून दोन वर्षं गेली. तोवर डावा हात आणि दोन्ही तळपाय बधिर झाले होते. मग बारा महिने औषध चाललं. एका गोळीने लघवी तांबडी होई, ते घाबरले. दुसरीने कातडी काळवंडली. हा काळेपणा औषध संपल्यावर हळूहळू जातो. पण गिऱ्हाइकांना ते कोण सांगणार? चार घरांनी कापड टाकणं बंद केलं. तरी दादांनी एक गोळी चुकवली नाही.

औषध संपलं, आणि तीन महिन्यांनी चट्टे पुन्हा लाल होऊन सुजले. कोपराची शीर ठणकू लागली, करंगळी वाकली. दादा म्हणाले, "सगळं फुकट गेलं." दोन दिवस जेवले नाहीत. डॉक्टरांनी समजावलं की हा रोग परत आलेला नाही. मेलेल्या जंतूंवर शरीर खवळतं, त्याची ही सूज आहे. पण अशा वेळी ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो. नाहीतर हात कायमचा अधू होतो. दादांनी पुन्हा काही महिने औषध घेतलं. हात वाचला. करंगळी मात्र वाकडीच राहिली.

अशा माणसाला "हसत राहा" म्हणणं फार सोपं. आम्हाला ते पटत नाही. ज्याचं गेलं त्याला रडू येणारच. दादाही रडले. पण संध्याकाळ झाली की ते दिव्याखाली बसतात आणि एक एक बोट न्याहाळतात. तळपाय आरशात पाहतात. कुठे लाल दिसलं, तर आज काय लागलं ते आठवतात. गार पाण्यात वीस मिनिटं पाय बुडवतात, घट्टा खरवडतात, ओल्या पायाला तेल लावतात. चपला मऊ रबराच्या, दवाखान्याने दिलेल्या. इस्त्री उजव्या हाताने धरतात आणि मुठीला फडकं गुंडाळतात. म्हणतात, "गुरुजी, मला हात आहेत हे पूर्वी ध्यानातच नव्हतं. आता रोज दहा बोटं मोजतो. दहा भरली की बरं वाटतं." दादांचा जागल्या झोपला, म्हणून डोळे पहाऱ्यावर बसले. याहून मोठं आभार मानणं आम्ही पाहिलेलं नाही.

बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन वसवलं आणि कुष्ठरोग्यांना भिकेऐवजी काम दिलं. त्यांचा स्वतःचा पाठीचा कणा पुढे इतका दुखावला, की त्यांना बसता येत नसे. एक तर उभं राहायचं, नाहीतर पडून राहायचं. बसणं गेलं खरं, पण उरलेल्या दोन्हींवर त्यांनी काम चालवलं. १९८५ साली, सत्तरी ओलांडल्यावर, तरुणांना घेऊन ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. तरुण सायकलींवर होते.

रोग्याने धीर धरावा हे ठीक, पण शेजाऱ्यांचंही काही देणं लागतं. १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरोग्याला डांबून ठेवता येई. तो कायदा २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग झाला म्हणून नवराबायकोला काडीमोड मागता येई. ती तरतूद २०१९ साली निघाली. कायदा सुधारला, तरी कापड न टाकणारी चार घरं अजून आहेतच.

वाचकहो, अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर दुखत नाही म्हणून गप्प बसू नका. आशाताईला दाखवा. मधुमेहानेही पाय असेच बधिर होतात, तेव्हा साखरेचा आजार असणाऱ्यांनीही रोज तळपाय पाहावेत. पाय बुडवायच्या पाण्याला मात्र आधी दुसऱ्याने हात लावून बघावा. ते गरम असलं तर बधिर पायाला समजत नाही. शिंप्याच्या घरी हे काम धाकट्या नातवाकडे आहे. तो बोट बुडवतो, "गार आहे, आजोबा" म्हणतो, आणि मगच आजोबा पाय आत घालतात.