कोबॉटवर पीएचडी: प्रयोग कसा मांडाल?

इंदूरजवळच्या सिमरोलच्या आयआयटीत प्रवेश मिळाला म्हणून लगेच कोबॉटपाशी, म्हणजे माणसाशेजारी काम करणाऱ्या रोबोटपाशी, जाऊन बसू नका. आधी जवळचे औद्योगिक पीथमपूर गाठा. रीतसर परवानगी काढून वाहनांचे सुटे भाग जोडणाऱ्या एखाद्या कामगाराजवळ अर्धी पाळी उभे राहा. तो कुठे वाकतो, कशासाठी खोळंबतो, कोणता हात रिकामा असतो, ते टिपा. त्यातले एकच काम उचला. रोबोटने सुटा भाग हातात देणे, एवढेही पुरते. प्रश्न एका वाक्यात मावला पाहिजे: कामगार हात पुढे करण्याआधीच रोबोटने ते ओळखले, तर वेळ वाचतो का आणि माणसाला ताण कमी वाटतो का?

आता माणूस आणि रोबोट यांच्यातले सुरक्षित अंतर काढा. यात घाई नको. आयएसओ/टीएस १५०६६ हा २०१६चा दस्तऐवज माणसाशेजारच्या रोबोटसाठीच होता. त्यातला मजकूर २०२५च्या आयएसओ १०२१८ मध्ये घेतला आहे. चालत्या माणसाचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरतात. माणूस दिसल्यापासून रोबोट पूर्ण थांबेपर्यंत अर्धा सेकंद गेला, तर तेवढ्यात माणूस ०.८ मीटर पुढे आलेला असतो. त्यात रोबोटचे स्वतःचे सरकणे आणि सेन्सरची चूक मिळवा. थांबण्याचा वेळ कॅटलॉगातून उतरवू नका; पूर्ण वजन, पूर्ण वेग आणि लांब केलेला हात अशा स्थितीत स्वतः मोजा.

एक ठाम सांगतो: थांबण्याचा निर्णय एआयवर सोपवू नका. उजेड बदलला, कामगाराने हातमोजे घातले, की कॅमेऱ्यामागचे मॉडेल गडबडू शकते. कामगार हात कधी पुढे करेल याचा अंदाज बांधणे एआयचे काम. थांबवणे मात्र सुरक्षेसाठी प्रमाणित लेझर स्कॅनर आणि वेगळ्या कंट्रोलरचे. आपत्कालीन बटण कामगाराच्या हाताशी हवे, तुमच्या नव्हे.

पहिला माणूस आत येण्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी घ्या. संमतीपत्र हिंदीत करा आणि वाचूनही दाखवा. सुपरवायझर शेजारी असताना विचारलेल्या संमतीला अर्थ नसतो. त्याला चहाला पाठवा.

चाचणीत निम्म्यांना आधी एआयसह आणि मग एआयशिवाय काम द्या, उरलेल्यांना उलट क्रमाने. नाहीतर सरावाने आलेला वेग एआयच्या खात्यावर जमा होतो. प्रत्येक फेरीनंतर कामाचा ताण मोजणारी नासा-टीएलएक्स प्रश्नावली भरून घ्या. त्यात मानसिक श्रम, शारीरिक श्रम, वेळेचा ताण, कामगिरी, कष्ट आणि वैताग अशा सहा बाजू असतात. व्हिडिओवरून कामगाराने दचकून हात मागे घेतल्याचे क्षण वेगळे मोजा. बोलताना "काही नाही साहेब, ठीक आहे" म्हणणाऱ्याचा हातही दचकलेला असू शकतो.

आकडेमोड, आलेख हे गाईड शिकवतीलच. प्रयोग अर्धवट सोडून गेलेले किती आणि का, हे मात्र परिशिष्टात न ढकलता मुख्य निष्कर्षांच्या तक्त्यातच छापा.